दूरची युद्धे आणि यवतमाळचा कापूस

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासासंबंधी एक समजूत चांगलीच रूढ झालेली आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि त्या टंचाईतून वऱ्हाडात, म्हणून ओघानेच यवतमाळातही, कापसाचे युग अवतरले, अशी ती समजूत होय. संपूर्ण वऱ्हाडाच्या संदर्भात तीत तथ्य पुष्कळ आहे. परंतु ‘वऱ्हाड’ या एका नावाखाली खामगाव-अकोल्याचे पूर्णेकाठचे सपाट मैदान आणि वर्धा-पैनगंगेच्या दुआबातील डोंगराळ मुलूख या दोन अगदी भिन्न प्रदेशांचा समावेश होतो. एकाचा इतिहास दुसऱ्यास सरसकट लागू करणे धोक्याचे असते. युद्ध, तह, जकात यांसारख्या दूरच्या राजकीय घडामोडी यवतमाळच्या वावरापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती काळाने पोहोचल्या, याचा क्रम लावून पाहिला असता या रूढ समजुतीस मोठी मुरड घालावी लागते.

प्रथम नावाविषयी. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ साली स्वतंत्रपणे अस्तित्वात आला, तो प्रथम ‘आग्नेय वऱ्हाड’ व नंतर ‘वणी जिल्हा’ या नावाने. कचेऱ्या यवतमाळास आणि नाव मात्र वणीचे, असा हा प्रकार १९०५ पर्यंत चालला. त्या वर्षी बाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. ‘ऐने अकबरी’मध्ये ‘योत-लोहारा’ या रूपात परगण्याचा उल्लेख येतो. लोहारा हे गाव यवतमाळच्या शेजारी आजही आहे. ‘यवतमाळ’ या नावातील उत्तरपद ‘महाल’ या महसुली संज्ञेचे झिजलेले रूप मानले जाते, आणि ध्वनिदृष्ट्या ते पटण्यासारखे आहे. डोंगरमाथ्यावरील माळाशी त्याचा संबंध लोकांनी मागाहून जोडला असावा. ही व्युत्पत्ती येथे देण्याचे कारण एवढेच, की हा मुलूख पूर्वीपासून वसुलीचे एक एकक म्हणून ओळखला जाई. बाजार म्हणून त्याचा लौकिक नव्हता.

बाजार होते ते खामगाव, कारंजे, अमरावती येथे आणि नदीपलीकडे हिंगणघाटास. रेल्वेपूर्व काळी वऱ्हाडातील रुईचा मोठा ओघ पश्चिमेस मुंबईकडे नसून ईशान्येस, गंगाकाठच्या मिर्झापूरकडे होता. पाचशे मैलांची ही वाट लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. मुंबईशी थेट व्यापार सुरू केला तो विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने. १८२५-२६ साली सुमारे पाचशे बैलांची रुई या पेढीने घाट उतरवून मुंबईस पाठविली. या पेढीची पुढील हकीगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कापसाच्या व्यापाराबरोबरच तिने निजाम सरकारास मोठाल्या रकमा कर्जाऊ दिल्या आणि त्यांच्या फेडीसाठी वऱ्हाडातील वसूल तिच्याकडे लावून देण्यात आला. पुढे दरबारातील वारे फिरले, १८४५ च्या सुमारास ही तारण दिलेली महालांची वहिवाट काढून घेण्यात आली आणि पेढी बुडाली. कापसाच्या तेजीमंदीने तिला बुडविले नव्हते. ज्या राज्यसत्तेच्या आश्रयाने तिचा व्यापार वाढला, त्या सत्तेच्याच आर्थिक विपन्नावस्थेत ती सापडली.

तीच विपन्नावस्था आठ वर्षांनी वऱ्हाडच्या हस्तांतरास कारण झाली. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी म्हणून २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. थकबाकीचे कारण खरे होते. तथापि ते एकच नव्हते. डलहौसीने १८५६ च्या आपल्या अखेरच्या टिपणात या प्रांताच्या प्राप्तीचा उल्लेख करताना हिंदुस्थानातील उत्तमोत्तम कापसाची जमीन हाती आल्याचे समाधान उघडपणे व्यक्त केलेले आहे. त्याच सुमारास, १८५७ साली, मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी कापूस-पुरवठ्यासाठी आपली संस्था स्थापन केली. ब्रिटनमध्ये वर्षाकाठी खपणाऱ्या सुमारे ८० कोटी पौंड कापसापैकी शेकडा ७७ कापूस एकट्या अमेरिकेतून येत असे, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत असे. ही व्यवस्था केव्हातरी कोसळणार, अशी धास्ती व्यापाऱ्यांस युद्धापूर्वीच वाटत होती. तेव्हा वऱ्हाडातील कापसाकडे इंग्रजांचे लक्ष युद्धामुळे प्रथम गेले, हे म्हणणे कालक्रमास धरून नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १८५३ च्या तहाने पैनगंगेचे पात्र ही एक सरहद्द बनली. उत्तरेस इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड, दक्षिणेस निजामाचा मुलूख. माहूरची यात्रा, उमरखेड-पुसदचे बाजार, दोन्ही काठांवरील सोयरिकी या सर्वांच्या मधून एक राजकीय रेषा गेली आणि तिच्याबरोबर जकातीची नाकी आली. वऱ्हाडातील कायद्याचे स्वरूपही चमत्कारिक होते. प्रांत ताब्यात इंग्रजांच्या, परंतु स्वामित्व निजामाचे. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते रेसिडेंटमार्फत हुकूमाने लागू करावे लागत. १९०२ साली कर्झनने वर्षास २५ लाख रुपये देण्याच्या कराराने हा प्रांत कायम पट्ट्याने घेतला आणि दुसऱ्या वर्षी तो मध्यप्रांतास जोडला, तेव्हा ही संदिग्धता व्यवहारापुरती संपली.

आता युद्धाकडे वळू. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले आणि त्याच महिन्यात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लिव्हरपूलच्या बाजारात पौंडास सात-आठ पेन्सांच्या घरात असलेली अमेरिकन रुई १८६४ च्या उन्हाळ्यात तीस पेन्सांच्या आसपास गेली. ब्रिटनच्या एकूण आयातीत हिंदी कापसाचा वाटा १८६० साली शेकडा १६ होता, तो १८६२ साली शेकडा ७५ झाला. मुंबईत याचे काय पडसाद उमटले ते सर्वश्रुत आहे. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची भरणी, रोज नव्या निघणाऱ्या बँका. नंतर ९ एप्रिल १८६५ रोजी लीची शरणागती आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी झालेला सर्वनाश, या कथा मराठी वाचकांस नव्या नाहीत. वऱ्हाडासंबंधी या काळातील एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते: शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या. ती ज्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून आली, त्यांना रयतेच्या उधळेपणाचे वर्णन करण्याची हौस होती, हे ध्यानात ठेवावे. खामगाव-अमरावतीच्या मैदानात एखाददुसरा असा प्रकार घडलाही असेल. वणी-केळापूरच्या रानात तो घडणे अवघड होते, कारण तेथे मुळात चाकांचे रस्तेच थोडे होते.

दळणवळणाची वस्तुस्थिती पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. नागपुरास गाडी पोहोचली ती १८६७ साली. म्हणजे युद्ध चालू असताना मुंबई ते पूर्व वऱ्हाड असा अखंड लोहमार्ग अस्तित्वातच नव्हता, आणि तो झाला तेव्हा चढे भाव ओसरून गेले होते. रेल्वे झाल्यावरही यवतमाळास सर्वांत जवळचे महत्त्वाचे स्थानक धामणगाव, ते सुमारे तीस मैलांवर. वर्धा नदी पावसाळ्यात दुस्तर. अशा प्रदेशातील कुणब्यास लिव्हरपूलच्या चौपट भावातील किती अंश मिळाला असेल, याची कल्पना करता येते.

मग युद्धाचा या जिल्ह्यावर परिणाम झाला नाही काय? झाला, परंतु तो भावाच्या वाटेने झाला नाही, कारभाराच्या वाटेने झाला. १८६४ साली वेगळा जिल्हा करण्यात आला. १८६५ साली पडीत जमिनीचे नियम निघाले आणि त्यांखाली संपूर्ण गावेच्या गावे इजाऱ्याने देण्यात आली. उरलेल्या वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीची खातेवार रयतवारी असता या जिल्ह्यात ‘इजाऱ्याची गावे’ हा एक निराळा वर्ग निर्माण झाला तो यामुळे. इजारदार हा बहुधा भांडवल बाळगणारा असे, आणि जंगल तोडून लागवड वाढविण्याची अट तो ज्या कुळांकरवी पुरी करी, त्यांची स्थिती खातेदाराहून दुबळी असे. १८६६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस-कमिशनर म्हणून रिव्हेट-कार्नॅक याची नेमणूक झाली. जिल्ह्याची निर्मिती सोडली तर हे सर्व युद्ध संपल्यानंतर घडले, याकडे पुनः लक्ष वेधावेसे वाटते. टंचाईने मँचेस्टरला शिकविलेला धडा सरकारी यंत्रणेने टंचाई सरल्यावर अमलात आणला. भाव परत उतरले. कायदे, सर्व्हे, रस्ते आणि इजारे मात्र राहिले.

या बदलाची पहिली झळ लमाणांस लागली. मीठ व धान्य आणणे आणि रुई नेणे या त्यांच्या व्यवसायास त्यांच्या बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ शब्दापासून आल्याचे मत मांडले जाते, आणि वकाराचा मकार होण्याची प्रवृत्ती लक्षात घेता ते असंभाव्य नाही. ज्या समाजाचे नाव मिठाच्या वाहतुकीवरून पडले असावे, त्याची मिठाची वाहतूक आगगाडीने दोन दशकांत हिरावून घेतली. मिर्झापूरची वाट मोडली. तांडे हळूहळू स्थिर झाले. पुसद, दारव्हा, दिग्रस या भागांत डोंगराच्या कडेस त्यांची वस्ती झाली आणि बैलांचे मालक शेतमजूर व शेतकरी बनले. वसंतराव नाईकांचे गहुली हे पुसदजवळचे गाव अशाच वस्त्यांपैकी होय. आज जिल्ह्याच्या लोकसंख्येत या समाजाचे जे मोठे प्रमाण दिसते, त्याच्यामागे एका उद्ध्वस्त झालेल्या वाहतूक-व्यवसायाचा इतिहास आहे. कापसाच्या इतिहासग्रंथांत त्यास क्वचितच जागा मिळते.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० साली मुंबई ते इंग्लंड अशी समुद्री तार पुरी झाली आणि त्याच वर्षी खामगावची शाखा-रेल्वे लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. राली, फोल्कार्ट या परदेशी पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारांत बसू लागले. तोवर बाजारातील भावाची बातमी आठवड्यांनी येत असे आणि तीवर सावकार व आडत्ये यांचा ताबा असे; आता ती तासांत येऊ लागली. तथापि ती बाजारात आली, गावात नव्हे. शेतकऱ्याचा कापूस पेरणीपूर्वीच सावकाराच्या वहीत लागलेला असे. लावणीसाठी घेतलेले बी व ज्वारी सवाई-दिढीने परत करायची, शेतसारा रोख भरायचा, आणि हे दोन्ही हप्ते वेचणीच्या तोंडाशी यायचे. तारेने आलेल्या तेजीचा लाभ अशा माणसास मिळत नसे. मंदी मात्र त्याच्याच वाट्यास येई.

या काळातील शब्दसंपत्तीत एक लक्षणीय दुभंग दिसतो. ‘खंडी’ हा शब्द गावात धान्याचे माप म्हणून चाले. खंडी म्हणजे वीस मण, किंबहुना कोणतीही वीस अशी मोजणी. कापसाच्या बाजारातील खंडी मात्र ७८४ पौंडांची, आणि दाबाची गाठ तिच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंडांची. एकच शब्द, दोन मापे, आणि दोहोंमधील हिशेब करणारा दलाल. त्याचप्रमाणे घरोघर बायका ज्यावर सरकी काढीत तो ‘रेचा’ हा शब्द वापरातून गेला आणि त्याच्या जागी ‘जिन’ व ‘प्रेस’ आले. रेचा घरात होता तोवर सरकी घरात राहत असे, जनावरांच्या खाद्यास आणि पुढील वर्षीच्या बियाण्यास. जिनात गेलेल्या कापसाची सरकी सगळ्यांच्या मालाची मिसळलेली असे आणि ती विकत घ्यावी लागे. शब्द बदलला एवढेच झाले नाही. बियाण्यावरील मालकी गेली.

बियाण्याचा हा मुद्दा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण जागतिक राजकारणाची सर्वांत टिकाऊ खूण या जिल्ह्याच्या जमिनीत राहिली ती बियाण्याच्या रूपाने. या भागातील जुना नामांकित कापूस ‘बणी’. त्याचा धागा सुमारे एक इंच लांब व मऊ. हिंगणघाटच्या नावाने जो कापूस मँचेस्टरपर्यंत प्रसिद्धीस आला तो हाच. परंतु त्याचा उतारा कमी. शंभर पौंड कापसातून रुई तीस पौंडांच्या आत निघे आणि पीकही उशिरा येई. याउलट ‘जडी’ व पुढे ‘रोझियम’ या जातींचा धागा आखूड आणि खरबरीत, पाऊण इंचाच्याही आतला. उतारा मात्र शेकडा अडतीस-चाळीसच्या जवळपास आणि पीक खात्रीचे. लँकेशायर पुनः अमेरिकन कापसाकडे वळल्यावर वऱ्हाडच्या मालास लांब धाग्याबद्दल जादा किंमत देणारे गिऱ्हाईक उरले नाही. नवे गिऱ्हाईक म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जमच्या जाड सुताच्या गिरण्या, चीनसाठी जाड सूत काढणाऱ्या मुंबईच्या गिरण्या, आणि शेवटी जपान. या सर्वांस आखूड धागा चालत होता. शेतकऱ्याने बणी सोडली ती अडाणीपणाने नव्हे. जो भाव मिळत होता त्यात तेच शहाणपणाचे होते. कृषिखात्याच्या अधिकाऱ्यांनी या ‘अवनती’बद्दल वर्षानुवर्षे खेद व्यक्त केला, परंतु लांब धाग्यास वेगळा भाव देण्याची व्यवस्था बाजारात नव्हती, हे त्यांनी पुरेसे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

जपानच्या प्रवेशास राजकीय पार्श्वभूमी आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कैशा यांनी मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू करून पी. अँड ओ. कंपनीच्या भाड्याच्या मक्तेदारीस आव्हान दिले. टाटांची जहाजे फार काळ चालली नाहीत. जपानी कंपनीची चालली. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनला हरविले, आणि १८९६ साली परदेशी कापसावरील आयात-जकात रद्द केली. चीनच्या सुताच्या बाजारातून मुंबईच्या गिरण्या हटत गेल्या व जपानी गिरण्या पुढे सरकल्या. वऱ्हाडच्या दृष्टीने कापूस तोच, धागा तोच, शेवटचे गिऱ्हाईकही बव्हंशी तेच चिनी रयत. मधला गिरणीवाला तेवढा बदलला. पुढे गोशो, तोयो मेन्का या जपानी पेढ्या थेट वऱ्हाडात खरेदी करू लागल्या.

दरम्यान १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला. वऱ्हाड हा दुष्काळमुक्त प्रांत, अशी सरकारची धारणा होती. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्वारीची पेवे ओस पडली होती; पेव भरून ठेवण्यापेक्षा कापूस पिकवून धान्य विकत घेणे सोयीचे, या हिशेबावर तीस वर्षे गेली होती. कापसाने दुष्काळ आणला, हे विधान सरळसोट होईल. पाऊस पडला नाही हेच मूळ कारण. परंतु पावसाच्या अभावी कापूसही नाही, मजुरीही नाही आणि धान्य मात्र बाजारभावाने, अशा तिहेरी पेचात सापडणारा मजूरवर्ग पूर्वी एवढ्या संख्येने नव्हता.

बाजाराच्या नियमनाचा प्रयत्न याच काळातला. कारंज्याचा बाजार १८८६ साली रेसिडेंटच्या हुकूमाने नियमाखाली आणला गेला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा हा आरंभ होय, आणि वऱ्हाडास त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे. मात्र बाजार-समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. तोल, कडता, धर्मादाय या बाबतींत शिस्त आली. भाव ठरविण्यात शेतकऱ्याचा शब्द आला नाही.

यवतमाळपर्यंत लोहमार्ग आला तो १९१६ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० साली स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा अडीच फूट रुंदीचा छोटा मार्ग. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने तो पुढे ओळखला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी त्याची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, ही गोष्ट वृत्तपत्रांनी अनेकदा कौतुकाने छापली आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की ज्या बाजारांसाठी हा मार्ग आखला गेला, त्यांतील निम्मे तो पुरा होण्यापूर्वीच बंद झाले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया शत्रुराष्ट्रे ठरली, बेल्जम व्यापले गेले. लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथील कापसाचे सौदे थांबले. त्या हंगामातील वेचणी सुरू झाली तेव्हा आखूड धाग्याच्या मालास युरोपात गिऱ्हाईक नव्हते आणि जहाजांचे भाडे वाढलेले होते. १८६१ चे युद्ध आणि १९१४ चे युद्ध यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिल्या युद्धात हा जिल्हा जगापासून दूर होता, म्हणून त्यास लाभही थोडा झाला आणि कोसळण्याची इजाही थोडी. दुसऱ्यात तो तारेने, पेढीने, प्रेसने आणि लवकरच रुळांनी जोडलेला होता. म्हणून पहिल्याच हंगामात त्यास धक्का बसला.

त्यातून सुटका जपानने केली. युद्धाच्या वर्षांत युरोपीय पेढ्यांनी सोडलेली जागा जपानी खरेदीदारांनी भरून काढली, भाव सावरले आणि १९१८ पर्यंत चांगलेच चढले. पण कापड, मीठ, रॉकेल यांचे भाव त्याहून चढले, १९१८ चा पाऊस चुकला, आणि त्याच शरदात इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हे तिने सर्वाधिक ग्रासलेल्या प्रदेशांपैकी होते. तेजीच्या वर्षांचा हिशेब मांडताना या गोष्टी बाजूस ठेवता येत नाहीत. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि लांब धाग्याच्या सुधारित बियाण्याचे प्रयत्न नागपूरच्या कृषिखात्याने नेटाने चालविले. तरी एकाच गिऱ्हाइकावरील अवलंबन वाढतच राहिले.

त्या अवलंबनाची किंमत १९३० नंतरच्या दशकात कळून आली. जागतिक मंदीत कापसाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. शेतसारा व कर्ज मात्र रुपयांच्या आकड्यांत होते तेवढेच राहिले. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. मिठाचा कायदा मोडण्यास या जिल्ह्यास समुद्र नव्हता, एवढेच त्याचे कारण सांगितले जाते. परंतु ज्या वर्षी रोख पैसा दुर्मिळ झाला, त्याच वर्षी जंगलातील फुकटच्या चाऱ्याचा प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचा ठरावा, यात नवल नाही. दोहोंमध्ये कार्यकारणभाव किती, हे सांगणे कठीण असले तरी संबंध मुळीच नव्हता असे म्हणणेही कठीण. १९३३ साली मध्यप्रांतात कर्ज-तडजोडीचा कायदा झाला आणि सावकार व ऋणको यांच्यामध्ये तडजोड मंडळे बसली. हिंदुस्थानातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा होता.

त्याच १९३३ साली दुसरा आघात झाला. जपानने आपल्या चलनाचे मूल्य उतरविल्यामुळे त्याचे कापड हिंदुस्थानात अतिशय स्वस्त पडू लागले. मुंबईच्या गिरण्या आणि लँकेशायर या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांची येथे एकवाक्यता झाली. हिंदुस्थान सरकारने १९०४ चा व्यापारी करार रद्द करण्याची सूचना दिली आणि जूनमध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ७५ वर नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. हा बहिष्कार कोणास लागला? मुंबईच्या गिरण्यांस तो सोयीचाच होता. त्यांना कापूस स्वस्त मिळाला. तो लागला आखूड धागा पिकविणाऱ्या वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यास, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याचे कोणी नव्हते. तरीही जानेवारी १९३४ मध्ये जी तडजोड ठरली तिच्या केंद्रस्थानी त्याचाच माल होता: जपानने वर्षास १० लाख गाठी हिंदी कापूस घ्यावा, आणि त्या प्रमाणात ३२ कोटी ५० लाख वार कापड हिंदुस्थानात आणावे, कापूस १५ लाख गाठींपर्यंत वाढविल्यास कापडाची मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढावी. दारव्ह्याच्या जिनात दाबलेली गाठ आता दोन सरकारांमधील चलन बनली होती.

हा करार व त्याचे नूतनीकरण यांच्या आधाराने उरलेले दशक निभावले. हिंदुस्थानच्या कापूस-निर्यातीपैकी निम्म्याच्या आसपास माल काही वर्षी एकटा जपान उचलीत होता. जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठविण्यात आली आणि डिसेंबरात युद्ध सुरू झाले. हे गिऱ्हाईक एका हंगामात नाहीसे झाले, आणि या वेळी त्याची जागा घेणारे दुसरे कोणी नव्हते. सैन्यासाठी कापड विणणाऱ्या देशी गिरण्यांस मध्यम व लांब धागा हवा होता. रोझियमच्या गाठी पडून राहिल्या. १९४२ च्या आरंभी सरकारने परदेशी कापसावरील जकात वाढवून त्या उत्पन्नातून आखूड धाग्याच्या उत्पादकांसाठी एक निधी उभारला. तोच ब्रह्मदेश पडला, तांदूळ बंद झाला, धान्याचे भाव भडकले, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ या मोहिमेखाली आखूड धाग्याच्या कापसाचे क्षेत्र कमी करून तेथे ज्वारी घ्यावी, असा प्रचार सरकारने स्वतः सुरू केला. १८६५ साली पडीत रान तोडून कापूस लावण्यासाठी ज्या प्रकारच्या सरकारी हुकूमांनी इजारे दिले गेले होते, त्याच प्रकारच्या हुकूमांनी आता कापूस काढावयास सांगितले जात होते. ज्वारी पुनः पेरली गेली. मात्र ती पेवात गेली नाही. धान्याच्या सरकारी खरेदीची व वाटपाची व्यवस्था तोवर उभी राहिली होती, आणि पैनगंगेच्या नाक्यांवर निजामाच्या मुलखात जाणारे धान्य अडविण्याचे नवे काम आले होते. ती नाकी उठली ती सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचा शेवट झाल्यानंतरच्या काळात.